फाळणीच्या आठवणी नोंदवायच्या आहेत? ठाणे-उल्हासनगरात पहिल्यांदा हे काम करणाऱ्यांसाठी

१९४७ साली दहा वर्षांचं असलेलं मूल आज नव्वदीला टेकलं आहे. घर सोडलं तो दिवस स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली आणि तो सांगू शकणारी माणसं ठाण्याच्या परिसरात अजून आहेत. कोपरी कॉलनीत आहेत, उल्हासनगरच्या पाचही कॅम्पांत आहेत, मुला-सुनांबरोबर घोडबंदर रोडला किंवा खारघरला टॉवरमध्ये राहायला गेलेलीही आहेत. हे सगळं रेकॉर्ड करून ठेवावं, असं त्यांच्या नातवंडांना, शेजाऱ्यांना, कॉलेजच्या मुलांना मनापासून वाटतं. अडतं ते सुरुवातीपाशी. फोन समोर धरला की आजी गप्प होतात. किंवा दोन तास भरभरून बोलतात आणि घरी येऊन ऐकलं तर पंख्याच्या घरघरीत निम्मे शब्द गेलेले असतात.

मी गेली काही वर्षं हे काम करते आहे. कुठल्या संस्थेसाठी नाही, ओळखीतून ओळख निघत गेली तसं. नव्याने सुरुवात करणारे बरेच जण भेटतात आणि त्यांचे प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून हे क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण खालच्या बहुतेक सूचना तिच्यातूनच येतात. साक्ष सांगणाऱ्याची असते. काय सांगायचं, किती सांगायचं, कोणाला ऐकू द्यायचं, हे त्यांनी ठरवायचं. आपण नीट ऐकायचं आणि ऐकलेलं हरवू द्यायचं नाही.

१. कोणाशी बोलायचं ते ठरवा

स्वतःच्या घरापासून सुरू करणं सगळ्यांत सोपं वाटतं, पण नेहमी तसं नसतं. आपल्या नातवासमोर आजोबा धीराचे राहू पाहतात. कित्येकदा जे घरात कधीच निघालं नाही ते परक्या माणसासमोर निघतं. त्यामुळे घरच्यांशी बोलायचं असेल तर एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला प्रश्न विचारायला बसवा आणि तुम्ही रेकॉर्डर सांभाळा.

बाहेरच्या कोणाकडे जायचं असेल तर थेट दार वाजवू नका. कोपरी आणि उल्हासनगरात सिंधी दरबार आणि टिकाणे (म्हणजे प्रार्थनेच्या जागा), पंचायती आहेत. तिथल्या जुन्या माणसांना सगळी घरं माहीत असतात. त्यांच्यापैकी कोणी एक फोन केला की काम होतं. चेटीचंडच्या (सिंधी नववर्षाच्या) आसपास किंवा चालिहोच्या, म्हणजे झूलेलाल या सिंधी दैवताच्या व्रताच्या, चाळीस दिवसांत घरं गडबडीत असतात, ते दिवस टाळा.

फक्त सिंधी घरांपुरतं पाहू नका. कराचीत फाळणीआधी मराठी माणसांची चांगली वस्ती होती. नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा तिथे आजही उभी आहे. त्या वस्तीतली कुटुंबंही इकडे आली आणि इथल्या मराठीत मिसळून गेली, त्यामुळे त्यांना कोणी विचारतच नाही. तुमच्या सोसायटीत कोणा काकांचं जन्मगाव कराची असेल तर जरूर विचारा.

२. जाण्याआधी थोडं वाचा

बारीकसारीक तारखा पाठ करायची गरज नाही, पण मूळ घटनाक्रम माहीत हवा. नाहीतर प्रश्नच चुकीचे निघतात. सगळ्यांत जास्त दिसणारा गोंधळ म्हणजे पंजाबची फाळणी डोक्यात ठेवून सिंधी माणसाला प्रश्न विचारणं.

पंजाब आणि बंगाल मधोमध कापले गेले. सिंध अख्खा पाकिस्तानात गेला. तिथे सीमारेषा गावातून गेली नाही आणि ऑगस्ट १९४७ मध्ये पंजाबसारखी कत्तलही झाली नाही. बरेच सिंधी हिंदू त्या ऑगस्टात घरीच होते, आणि जे निघाले त्यांतल्या अनेकांना वाटत होतं की चार-सहा महिन्यांत परत येऊ. १७ डिसेंबर १९४७ ला सिंधमधल्या हैदराबादेत दंगल झाली, ६ जानेवारी १९४८ ला कराचीत. त्यानंतर लोंढा सुरू झाला. म्हणजे 'पंधरा ऑगस्टच्या रात्री तुम्ही कुठे होता?' या प्रश्नाला बहुतेक सिंधी आजोबांकडे सांगण्यासारखं काही नसतं. 'तुमच्या गल्लीतलं पहिलं घर कधी रिकामं झालं?' असं विचारलं की ते लगेच सुरू होतात.

येण्याचे मोठे रस्ते दोन. एक कराचीच्या केमारी बंदरातून बोटीने मुंबईला किंवा काठेवाडच्या बंदरांना. दुसरा मीरपूर खासवरून खोखरापार, मुनाबाव आणि पुढे मारवाडात, रेल्वेने. जुलै १९४८ पासून भारताने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना परमिट सक्तीचं केलं, त्यामुळे उशिरा निघालेल्यांच्या बोलण्यात परमिटची रांग हमखास येते.

इकडची बाजूही वाचून ठेवा. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बांधलेल्या बॅरेक्स होत्या. त्यांत सुमारे लाखभर लोकांची सोय करण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचं उल्हासनगर असं नामकरण झालं. पत्त्यात आजही कॅम्प नंबर आणि बॅरेक नंबर लिहितात. 'बॅरेक कितवी?' हा प्रश्न तिथे कोणालाही बोलतं करतो.

एकूण किती माणसं उखडली गेली याचे अंदाज सव्वा ते दीड कोटींच्या घरात आहेत. मृतांचे अंदाज दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातात. समोरच्याने आकडा सांगितला तर त्यावर वाद घालू नका. तुम्ही आकडा तपासायला गेलेले नाही.

३. सोबत काय न्यायचं

- फोन किंवा रेकॉर्डर. फोनमध्ये मोकळी जागा बघून घ्या. डब्ल्यूएव्ही फाइल उत्तम दर्जात ठेवली तर दोन चॅनेलच्या आवाजाला तासाला साधारण एक जीबी लागते.
- कॉलरला लावायचा वायरचा माईक. महागडा लागत नाही, पण हवाच.
- चार्जर, पॉवर बँक, एक्स्टेन्शन बोर्ड.
- हेडफोन. रेकॉर्डिंग चालू झाल्यावर पहिलं मिनिट ऐकून बघायला.
- वही आणि मऊ शिसाची पेन्सिल.
- परवानगीच्या कागदाच्या दोन प्रती, मोठ्या अक्षरात छापलेल्या.
- जुना नकाशा, छापलेला. सिंधचा किंवा पंजाबचा १९४७ पूर्वीचा. बोट ठेवून गाव दाखवताना माणसं खूप काही सांगून जातात.

व्हिडिओ करायचा की नुसता आवाज, हा प्रश्न नेहमी येतो. माझं मत आवाजाच्या बाजूने आहे, निदान पहिल्या बैठकीला तरी. कॅमेरा आला की घरचे साडी बदलायला लावतात, मागची भिंत नीट करतात, आणि आजींना भाषण द्यायचं आहे असं वाटू लागतं. चेहरा हवा असेल तर दुसऱ्या बैठकीत घ्या.

४. पहिली भेट रेकॉर्डरशिवाय

पहिल्या दिवशी फक्त बसून या. सिंधी घरात पाणी आणि पापड समोर येईल, तो खा. आपण कोण, हे का करतो आहोत, रेकॉर्डिंग कुठे राहणार, हे साध्या शब्दांत सांगा. त्यांना ऐकू किती येतं, किती वेळ बसवतं, दिवसाच्या कोणत्या वेळी ताजंतवानं वाटतं, औषधांच्या वेळा काय, याची नोंद करा. बहुतेक वयस्कर माणसं सकाळी दहा ते बारामध्ये छान बोलतात. दुपारच्या जेवणानंतर नको.

परवानगीचा कागद याच भेटीत वाचून दाखवा आणि घरी ठेवून या, सही पुढच्या वेळी घ्या. विचार करायला रात्र मिळाली पाहिजे. त्या कागदावर या गोष्टी स्पष्ट असू द्यात: नाव उघड करायचं की नाही, आवाज कोणी ऐकायचा (फक्त घरचे, अभ्यासक, की सगळेच), फोटो वापरायचे की नाही, एखादा भाग ठराविक काळ बंद ठेवायचा आहे का, आणि पुढे कधीही मन बदललं तर सगळं मागे घेता येईल. ही शेवटची ओळ काही जण घालत नाहीत, काम वाया जाईल म्हणून. तीच ओळ सगळ्यांत आधी घाला.

सही मुलाने करून चालत नाही. आजोबांना वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, समजलं का ते त्यांच्याच शब्दांत विचारा, आणि 'मला मान्य आहे' हे त्यांच्या तोंडून रेकॉर्ड करा. विसरभोळेपणा वाढलेला असेल, आज दिलेली परवानगी उद्या आठवत नसेल, तर रेकॉर्डिंग करूच नका. नुसतं जाऊन बसा, गप्पा मारा.

५. खोली आणि आवाज

पंखा बंद. उन्हाळ्यात हे कठीण जातं, मग पंखा अगदी हळू ठेवून माईक कॉलरला लावा, तोंडापासून वीतभर खाली. फ्रिजचा आवाज तुम्हाला जाणवत नाही, माईकला जाणवतो, म्हणून स्वयंपाकघराजवळ बसू नका. कोपरीत रुळांच्या बाजूच्या इमारतींत दर काही मिनिटांनी लोकल जाते. त्या वेळी बोलणं थांबवायला सांगू नका, वाक्य संपल्यावर तेवढं पुन्हा विचारून घ्या. फोन एअरप्लेन मोडवर टाका. आणि पापड माईक लावायच्या आधी संपवा.

सुरुवातीला तुमच्या आवाजात तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्यांचं नाव (किंवा नाव उघड करायचं नसेल तर त्याऐवजी ठरवलेला संकेत) बोला. दहा वर्षांनी फाइलचं नाव बदललेलं असेल, आतला आवाज तोच राहील.

६. प्रश्न कसे विचारायचे

इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या.

ज्यू संहारातून वाचलेल्यांच्या साक्षी नोंदवण्याचं मोठं काम जगात झालं आहे. डेव्हिड बोडर नावाचे मानसशास्त्रज्ञ १९४६ मध्ये, युद्ध संपून जेमतेम वर्ष झालं असताना, तारेवर आवाज टिपणारं यंत्र घेऊन अमेरिकेहून युरोपात गेले आणि छावण्यांतून सुटलेल्या शंभराहून जास्त लोकांशी बोलले, ज्याला जी भाषा जवळची तीत. पुढे १९९४ मध्ये सुरू झालेल्या शोआ फाउंडेशनने पन्नास हजारांवर साक्षी गोळा केल्या. त्यांच्या मुलाखती आधीचं आयुष्य, छळाचा काळ आणि नंतरचं आयुष्य अशा क्रमाने जातात. आपल्यालाही हाच क्रम उपयोगी पडतो. ज्या माणसाकडून फक्त पळून येण्याची गोष्ट घेतली जाते, त्याचं काय गेलं ते ऐकणाऱ्याला कळतच नाही.

म्हणून पहिली बैठक सगळी 'आधी'ला द्या. घर कसं होतं, अंगणात कोणतं झाड होतं, गल्लीत कोण राहायचं, शाळेत कोणती लिपी शिकवायचे, सणाला काय शिजायचं, वडील काय काम करायचे, भांडण कशावरून व्हायचं. दंगलीचा विषय तुम्ही काढू नका. तो येतोच.

मोठे प्रश्न टाळा. 'फाळणीबद्दल तुम्हाला काय वाटतं?' याला उत्तर म्हणून टीव्हीवर ऐकलेलं मिळतं. लहान, हाताने धरता येतील असे प्रश्न विचारा. कोपरीतल्या एक आजी प्रत्येक प्रश्नाला एवढंच म्हणत होत्या, 'बस बेटा, आलो आम्ही. झूलेलालने आणलं.' बोटीने आलो, तीन दिवस लागले, संपलं. मग त्यांना विचारलं, 'दादी, बोटीत झोपलात कशावर?' त्या थांबल्या आणि रजईचं सांगू लागल्या. केमारीला सामानाची झडती झाली तेव्हा सोनं शिवलेलं असेल म्हणून शिपायाने रजया सुरीने फाडल्या होत्या. कापूस धक्क्यावर उडत होता आणि धाकटा भाऊ तो पकडायला धावत होता, हसत होता. आईने त्याला मारलं. आयुष्यात पहिल्यांदा. मग बोटीवर कोणाकडून तरी सुई-दोरा मागून आई रात्रभर रजया शिवत बसली. हे सांगताना दादी मांडीवरच्या ओढणीची कड चिमटीत धरून टाके घालत होत्या, सुई नसताना. त्या दिवशी पुढचा तासभर मला एकही प्रश्न विचारावा लागला नाही.

कशावर झोपलात, पायात काय होतं, पाणी कुठून आणलं, पहिल्या रात्री दिवा होता का, संडास कुठे होता. बॅरेकमध्ये दोन कुटुंबांच्या मध्ये गोणपाटाचा पडदा होता, तर पलीकडचं काय ऐकू यायचं? असे प्रश्न.

सुचवणारे प्रश्न विचारू नका, दोन्ही बाजूंचे. 'मुसलमानांनी तुमच्यावर काय अत्याचार केले?' हा जितका ढकलणारा प्रश्न, तितकाच 'एखाद्या मुसलमान शेजाऱ्याने तुम्हाला वाचवलं असेल ना?' हाही. पहिल्यात द्वेष हवा असतो, दुसऱ्यात गोड शेवट. 'शेजारी कोण होते आणि त्यांचं-तुमचं शेवटचं बोलणं काय झालं?' एवढं विचारा आणि येईल ते येऊ द्या. एकाच माणसाच्या बोलण्यात राग आणि ओढ दोन्ही असतात, कधी एकाच वाक्यात. ते तसंच ठेवा.

भाषेचं बंधन घालू नका. हिंदीत सुरू झालेलं बोलणं आईचा विषय निघाला की सिंधीत जातं. तुम्हाला कळलं नाही तरी थांबवू नका, नंतर कोणाकडून तरी समजून घेता येईल.

घरच्यांचंही सांगते. मुलगा शेजारी बसतो आणि म्हणतो, 'डॅडी, ते नाही, ते दुसरं सांगा, पोलिसवालं.' त्याने ती गोष्ट शंभर वेळा ऐकलेली असते, त्याला तीच भारी वाटते. मुलाला बाहेर घालवू नका, काम द्या. जुने फोटो आणि कागद दुसऱ्या खोलीत शोधायला सांगा. बायकांशी बोलताना मात्र थोडा वेळ तरी खोलीत घरातले पुरुष नसावेत, एवढं आधीच ठरवून घ्या.

७. जड जागा आली की

येईल. कधी रडण्याने, कधी एकदम खाली गेलेल्या आवाजाने, कधी विषय बदलण्याने.

अशा वेळी काही करू नका. पाणी पुढे करा आणि गप्प राहा. 'जाऊ द्या, नका आठवू' म्हणू नका, कारण त्यांनी ठरवून आठवलेलं असतं. 'मग पुढे काय झालं?' असंही लगेच विचारू नका. बरंच थांबल्यावर हवं तर म्हणा, 'आपण इथे थांबू शकतो, किंवा दुसरं काही बोलू. तुम्ही सांगाल तसं.' रेकॉर्डर बंद करू का, हे विचारा, आणि हो म्हणाले तर त्यांच्यासमोर बंद करा.

कॅम्प नंबर तीनमधले एक आजोबा मारवाडाकडे येणाऱ्या गाडीचं सांगत होते. डब्यात किती माणसं, खिडकीपाशी कोण, सगळं बारकाईने. एका स्टेशनचं नाव घेतलं आणि थांबले. भिंतीकडे बघत राहिले. मग सुनेला हाक मारून चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत कल्याण ते व्हीटी लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकायचे त्या दिवसांवर आले. त्या स्टेशनवर पुन्हा गेले नाहीत, पुढच्या भेटींतही नाहीत. मी विचारलं नाही. लिहून काढलेल्या मजकुरात तिथे एवढंच आहे: स्टेशनचं नाव, मग कंसात 'बराच वेळ शांत. चहा मागितला.' ही नोंद तेवढीच राहणार आहे आणि ती पुरी आहे.

बायकांच्या बाबतीत जास्त जपा. फाळणीत पळवून नेलेल्या स्त्रियांची संख्या पंचाहत्तर हजारांच्या आसपास सांगितली जाते. त्यांना शोधून परत आणण्यासाठी भारताने १९४९ मध्ये कायदा केला, आणि परत यायचं की नाही हे त्या बाईने ठरवायचं नव्हतं. कित्येक घरांत एखाद्या मावशीचं, आत्याचं नाव घेतलं जात नाही. त्याबद्दल तुम्ही विचारायचं नाही. कोणी आपणहून सांगितलं, तर रेकॉर्डिंग संपल्यावर वेगळं विचारा की हा भाग ठेवू का. आत्तापुरता 'ठेवा' म्हणाल्या तरी पुढच्या भेटीत पुन्हा विचारा.

बैठक जड जागेवर संपवू नका. शेवटची पंधरा-वीस मिनिटं आजच्यात या: नातवंडं, पहिलं स्वतःचं दुकान, कॅम्पातली पहिली लग्नं. संध्याकाळी फोन करून चौकशी करा. दुसऱ्या दिवशीही करा. झोप उडाली, जेवण गेलं असं घरच्यांनी सांगितलं तर पुढची बैठक रद्द करा आणि त्यांना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या, तिथे मराठीत आणि हिंदीत बोलता येतं. तुम्हालाही ऐकून त्रास होतो. एका आठवड्यात दोन नव्या माणसांना भेटू नका.

८. तारीख चुकली, गाव चुकलं, तर?

बोलत असताना दुरुस्त करू नका. एवढं पुरेसं आहे, पण हे का, ते समजून घ्या.

येल विद्यापीठाच्या साक्ष-संग्रहात ऑशविट्झ या नाझी मृत्युछावणीतून वाचलेल्या एका बाईंची साक्ष आहे. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिथल्या कैद्यांनी उठाव केला, तो त्यांनी पाहिला होता. प्रेतं जाळण्याच्या भट्ट्यांची चार धुराडी पेटून उडाली, असं त्या म्हणाल्या. इतिहासकारांनी हरकत घेतली की उडालं एकच, मग या साक्षीवर विश्वास कसा ठेवायचा? त्यांच्याशी बोललेले मनोविश्लेषक डोरी लाउब यांचं म्हणणं वेगळं होतं. त्या बाई धुराड्यांची मोजणी सांगत नव्हत्या. जिथे काहीच घडू शकत नाही असं वाटत होतं, तिथे कैद्यांनी उठून काहीतरी केलं, ही अशक्य वाटणारी गोष्ट घडल्याचं त्या सांगत होत्या. आणि ते खरंच घडलं होतं.

तसंच आपल्याकडे. एखादे आजोबा बोट ऑगस्टात सुटली म्हणतील आणि कागदावर जानेवारी असेल. लिहिताना त्यांचं वाक्य तसंच ठेवा, खाली टीप म्हणून कागदावरची तारीख द्या. दोन्ही वाचणाऱ्याला मिळू द्यात. त्यांचं वाक्य 'सुधारून' लिहिणं हे सगळ्यांत वाईट.

९. कागद आणि फोटो

जुन्या घरांत पत्र्याची एक पेटी असते. त्यात साधारण हे सापडतं: निर्वासित म्हणून नोंदणीचा दाखला, रेशन कार्ड, परमिट, शाळा सोडल्याचा दाखला, बॅरेक किंवा प्लॉटच्या वाटपाचा कागद, सनद (मालकीचा सरकारी दस्त), आणि मागे राहिलेल्या मालमत्तेचे क्लेम. क्लेमची नोंद १९५० च्या कायद्याने झाली आणि भरपाई १९५४ च्या कायद्याने, त्यामुळे त्या सुमाराचे सरकारी शिक्क्यांचे कागद दिसले तर ते नीट बघा. मागे काय काय सोडलं याची यादीच त्यात असते.

हे कागद त्यांच्या घराबाहेर नेऊ नका, 'झेरॉक्स काढून आणतो' म्हणूनही नाही. तिथेच खिडकीजवळ, फ्लॅश न लावता, पांढऱ्या कापडावर ठेवून फोटो काढा, पुढून आणि मागून. लॅमिनेशन करू नका, करू देऊ नका. कौतुकाने केलेलं लॅमिनेशन कागदाला कायमचं बाद करतं. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, पेन्सिलने लिहा, किंवा वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. चिकटपट्टी नको.

सिंधी मजकूर बहुतेक अरबी वळणाच्या लिपीत असतो आणि घरातल्या तरुणांना तो वाचता येत नाही. ज्यांचा कागद आहे त्यांनाच तो मोठ्याने वाचायला सांगा आणि ते वाचन रेकॉर्ड करा. ते पुढे कोणालाच करता येणार नाही.

१०. घरी आल्यावर

त्याच रात्री फाइल तीन ठिकाणी ठेवा: कॉम्प्युटर, बाहेरची हार्ड डिस्क, आणि क्लाउड किंवा दुसऱ्या घरातला पेनड्राइव्ह. नाव एकाच पद्धतीने द्या: तारीख, ठिकाण, संकेत, भाग. मूळ फाइल कधीही कापू नका, कापाकापी प्रतीवर करा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि पाठवण्याआधी परवानगीचा कागद बघा.

लिहून काढायला तासाच्या रेकॉर्डिंगला पाच-सहा तास सहज लागतात, सिंधी मिसळलेलं असेल तर जास्त. फोनवरचे बोललेलं लिहून देणारे ॲप कच्चा मसुदा देतात, पण गावांची नावं आणि सिंधी शब्द हमखास बिघडवतात. शिवाय काही ॲप आवाज बाहेरच्या सर्व्हरवर पाठवतात. ज्यांनी फक्त घरच्यांना ऐकायची परवानगी दिली आहे, त्यांचा आवाज तिथे टाकायचा नाही.

आणि रील. आजी रडतात तेवढे वीस सेकंद कापून, मागे सनई लावून टाकायचे, हे मी पुष्कळ ठिकाणी पाहते आहे. कृपा करून करू नका. परवानगी असली तरी नको. ते वीस सेकंद त्यांच्या नव्वद वर्षांतले आहेत, आणि सोसायटीच्या लिफ्टमध्ये उद्या त्यांना त्याच वीस सेकंदांवरून ओळखतील.

११. फाळणीखेरीज

हीच पद्धत दुसऱ्या उखडलेल्या माणसांसाठीही चालते. ऑगस्ट १९९० मध्ये कुवेतवर इराकने हल्ला केला तेव्हा पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांना विमानांनी परत आणलं. त्यांत आपल्याकडची पुष्कळ घरं होती, आणि ती माणसं अजून साठी-सत्तरीत आहेत. १९९० मध्ये काश्मीर सोडावं लागलेली पंडित कुटुंबं आहेत. मुंब्रा आज दिसतं ते बरंचसं डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईतल्या दंगलींनंतर तिथे आलेल्या मुसलमान कुटुंबांमुळे.

फरक एवढाच की या घटना जवळच्या आहेत. ज्यांची नावं घेतली जातात ती माणसं जिवंत असू शकतात, बोलणाऱ्याला भीती असू शकते, एखादा खटला किंवा भरपाईचा अर्ज चालू असू शकतो. तसं असेल तर वकिलाशी बोलल्याशिवाय रेकॉर्डिंग करू नका. नाव, गल्ली, दुकान, मुलांच्या शाळा, सगळं गाळून संकेत वापरा, आणि खरी नावं असलेली वही रेकॉर्डिंगपासून वेगळ्या जागी ठेवा.

१२. शेवटी कुठे द्यायचं

पहिली प्रत ज्यांनी सांगितलं त्यांना. पेनड्राइव्ह आणि मोठ्या अक्षरातला छापील मजकूर दोन्ही, कारण घरातला एखादा माणूस ऐकेल आणि एखादा वाचेल.

त्यांची परवानगी असेल तर पुढचे रस्ते असे. '१९४७ पार्टिशन आर्काइव्ह' ही संस्था जगभरातून फाळणीच्या साक्षी गोळा करते. तिच्या संग्रहात दहा हजारांहून जास्त मुलाखती आहेत आणि नव्या लोकांसाठी ती ऑनलाइन प्रशिक्षणही घेते. काम सुरू करण्याआधीच ते करून घेतलं तर उत्तम. अमृतसरला टाउन हॉलमध्ये २०१७ पासून फाळणीचं संग्रहालय आहे. जवळपास ठेवायचं असेल तर छापील मजकुराची एक प्रत ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाला देऊ करा. ते १८९३ पासून चालू आहे, आणि ठाण्याच्या वाचकाला ठाण्यातच ती मिळेल. कुठेही देताना तुमच्या परवानगीच्या कागदातल्या अटी लेखी मान्य करून घ्या.

छापील मजकूर नेऊन दिलात की तिथे बसून त्यांना वाचून दाखवा. दादी म्हणतील, 'असं नव्हतं, रजया दोन नव्हत्या, तीन होत्या.' पेन्सिलने बाजूला लिहा, तारीख घाला, आणि रेकॉर्डर पुन्हा चालू करू का ते विचारा.